दहा परके वाचक आणि एक दार

ती. मामास,

लांबूनच नमस्कार. (जवळ असतो तर वाकलो असतो आणि वाकल्यावर तू पाठीत जो धपाटा घालतोस तो खाल्ला असता. लांबून नमस्कार करण्याचा तेवढा एक फायदा.) तुझा गुडघा कसा आहे? शिडीवर चढणं सोडलंस, की वरच्या फळीवरच्या कड्या अजून स्वतःच काढतोस? मामीचं कानात घंटा वाजल्यासारखं होणं थांबलं का? आणि दुकानाचं शटर अजून अर्ध्यावरच अडकतं का? बिजागऱ्या विकणाऱ्या माणसाचं शटर रोज खांदा लावून वर ढकलावं लागतं, हे मी लहानपणापासून बघत आलो, पण हसायची छाती कधी झाली नाही. आज कागदावर हसून घेतो. मी ठीक आहे. म्हणजे जेवतो, झोपतो आणि हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायला जातो. याच्यापलीकडे ठीक असं काही नाही, आणि तेच सांगायला बसलो आहे.

फोन का नाही केला, असं तू म्हणशील. फोनवर तू दोन वाक्यं ऐकून "बरं, ठेव" म्हणतोस. पत्राला तसं म्हणता येत नाही.

निघताना तू घातलेली अट तुला आठवत असेलच. मला तर ती पाठ आहे, कारण तू ती हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन घातली होतीस. वर्षभर फिर, म्हणालास, काय लिहायचं ते लिही. वर्षानंतर जे आपले नातेवाईक नाहीत, शेजारी नाहीत आणि ज्यांना तू गळ घातलेली नाहीस, अशी दहा माणसं आपल्या पायांनी येऊन तुझं वाचत असतील, तर मी एक शब्द बोलणार नाही. नसतील तर मुकाट्याने परत यायचं आणि दुकानात बिजागऱ्यांच्या बाजूला बसायचं. (कडी-कोयंड्यांच्या बाजूला म्हणाला असतास तर मी एवढा पळालो नसतो. कडी घ्यायला येणारा माणूस बोलतो तरी. घरात चोरी झालेली असते, नाहीतर सून आलेली असते. बिजागरी घ्यायला येणारा नुसता माप सांगतो.) तेव्हा मामीने ब्लॉग म्हणजे काय ते विचारलं होतं आणि तू म्हणाला होतास, वहीच असते, पण सगळ्यांना दिसेल अशी उघडी टाकलेली. याच्यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून कुठे सापडलेली नाही. फक्त वही उघडी टाकली म्हणजे लोक वाकून बघतातच असं नाही, हे तू सांगितलं नव्हतंस.

या महिन्याअखेर ते वर्ष भरतंय. म्हणून हिशोब देतोय.

माझ्या ब्लॉगचं नाव 'वाटेत आहे'. ब्लॉगवाल्याला आज किती जण येऊन गेले ते दिसायची सोय असते. मी ते पान दिवसातून इतक्या वेळा उघडायचो की माझीच मला लाज वाटायची, आणि दर वेळी तिथे एकच आकडा असायचा. एक. कधी शून्य नाही, कधी दोन नाही. रोज सकाळी, दुकानं उघडायच्या सुमाराला, कुठल्यातरी जुनाट कॉम्प्युटरवरून कुणीतरी एक यायचं, पान उघडायचं आणि बराच वेळ बसून जायचं. माझ्या खोलीत राहणारा मुलगा (मोबाइलची कव्हरं विकतो, म्हणून त्याला सगळे कव्हरच म्हणतात) म्हणाला, तो माणूस नाही, मशीन आहे. मशीनं सगळीकडे फिरत असतात, मिळेल ते वाचत असतात. मी म्हटलं, मशीन चटकन वाचेल, याला एका पानाला अर्धा तास लागतो. कव्हर म्हणाला, मग जुनं मशीन असेल. मी त्या वाचकाचं नाव 'एकटा' ठेवलं. खरं सांगू का, मामा, मग मी एकट्यासाठीच लिहायला लागलो. बसचा ड्रायव्हर रिकाम्या गाडीत स्वतःशीच थांबे ओरडत होता, ते लिहिलं. उशांच्या अभ्र्यांतून काय काय निघतं ते लिहिलं. (मोजे, बिस्किटं, आणि एकदा संपूर्ण कवळी. ती मागायला कुणी आलं नाही. तो माणूस घरी जाऊन काय म्हणाला असेल, आणि मुळात म्हणू कसा शकला असेल, यावर मी तीन परिच्छेद लिहिले.) दुसऱ्या दिवशी सकाळी एकटा हजर. चुकला नाही कधी.

पण एका वाचकावर तुझी अट पुरी होत नाही. म्हणून वर्ष संपत आलं तेव्हा मी घाबरलो आणि कव्हरला शरण गेलो. कव्हरचा स्वतःचा ब्लॉग नाही, पण मत आहे, आणि दुकानात दिवसभर उभं राहून ते त्याने चांगलं वाढवलं आहे. तो म्हणाला, तुझं ध्येयच ठरलेलं नाही. लाँड्रीतून आणलेल्या शर्टाच्या पुठ्ठ्यावर त्याने माझी ध्येयं लिहिली आणि तो पुठ्ठा आरशावर चिकटवला. तेव्हापासून दाढी करताना मला माझा अर्धाच चेहरा दिसतो आणि उरलेल्या अर्ध्यात ध्येयं दिसतात.

पहिलं ध्येय, दर शनिवारी लिहायचं म्हणजे लिहायचं. पहिल्या शनिवारी मी लिहायला बसणारच होतो, पण चार्जर चालेना म्हणून नवीन आणायला खाली उतरलो, तर कोपऱ्यावर काही माणसं तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दोराने एक भलंमोठं लाकडी कपाट खाली सोडत होती. दोर धरायला माणूस कमी पडत होता. मी धरला. कपाट दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं आणि त्याचं दार आपोआप उघडून तिथल्या बाईंच्या खिडकीच्या गजांत अडकलं. त्या बाई म्हणाल्या, आता आलंच आहे तर राहू दे, मला कपाट हवंच होतं. मग जो वाद झाला तो ऐकायला थांबलो, संध्याकाळ झाली आणि शनिवार गेला. पुढच्या शनिवारी या कपाटावरच लिहायचं ठरवलं, पण शेवटी कपाट कोणाकडे राहिलं हे कळल्याशिवाय लिहिणार कसं? म्हणून विचारायला गेलो. तिथे चहा झाला. असे माझे शनिवार जात राहिले.

दुसरं ध्येय, एकच विषय धरायचा. कव्हरने विचारलं, तुझा ब्लॉग कशावर आहे? मी म्हटलं, सगळ्यावर. तो म्हणाला, सगळं विकणाऱ्याकडे कुणी काही घेत नाही. तेव्हा मला तुझी आठवण झाली. तुझ्या प्रत्येक खणाच्या बाहेर आतल्या मालाचा एक नमुना ठोकलेला असतो. एकदा मी बाहेर कडी असलेल्या खणात खिळे भरून ठेवले, तर तू मला दिवसभर त्याच खणासमोर उभं केलं होतंस. माझ्या ब्लॉगच्या सगळ्या खणांबाहेर एकच पाटी आणि आत वाट्टेल ते. बिचारं गिऱ्हाईक हात घालणार कुठे?

तिसरं ध्येय सगळ्यात घातक. कव्हर म्हणाला, तुला उदास वाटतंय की आनंद झालाय याच्याशी जगाला काही देणंघेणं नाही. माणसाचं काहीतरी अडतं तेव्हा तो शोधत येतो. उपयोगाचं लिही. मी दोन दिवस विचार केला की मला उपयोगाचं असं येतं काय, आणि मामा, माझ्यापाशी जेवढं उपयोगाचं निघालं तेवढं सगळं तुझ्या दुकानातलं निघालं.

आमच्या घरमालकीणबाईंच्या न्हाणीघराचं दार भयंकर कुरकुरायचं. कोण गेलं, कोण आलं, कोण विसरून परत गेलं, हे अख्ख्या घराला कळायचं. मी त्यावर लिहिलं. बिजागरीच्या दांडीला पेन्सिलीचं शिसं घासा, नाही जमलं तर मेणबत्ती घासा, तेवढ्यावर भागलं नाही तर दार उतरवून दांड्या साफ करा. दार उतरवायचं कसं तेही सांगितलं, अगदी तुझ्या आवाजात, चष्मा कपाळावर ढकलून. आधी वरची बिजागरी सोडवावी, मग मधली, शेवटी खालची.

आणि लोक आले की! दुसऱ्या दिवशी आकडा बघून मी पान बंद करून परत उघडलं. परके, संपूर्ण परके, कुणालाही गळ घातलेली नव्हती, आपल्या पायांनी आलेले. जगात एवढी दारं कुरकुरतात आणि आपल्याला पत्ता नसतो. खाली प्रश्नांची रांग लागली. एका बाईंचं कपाट आपोआप उघडायचं. एका गृहस्थांचं दार फरशीला घासायचं. एक जण तर आतून अडकला होता आणि तिथूनच विचारत होता. मी नाचलो. कव्हरने मला पेढा भरवावा तसा चुइंगम भरवला.

त्याच रांगेत एक कमेंट होती. नाव नाही, गाव नाही. एवढंच लिहिलेलं: "वरची शेवटी. गाढवा."

कव्हर म्हणाला, याला ट्रोल म्हणतात, ब्लॉग वाढायला लागला की हे येतातच, चांगलं लक्षण आहे. फक्त त्याला सभ्य भाषेत गप्प करायचं. म्हणून मी खाली उत्तर लिहिलं की आपल्या मताचा आदर आहे, परंतु आमच्या घराण्यात हा धंदा तीन पिढ्या चालत आला आहे, तेव्हा आपण आम्हाला शिकवू नये. शुद्धलेखन दोनदा तपासून मी ते पाठवून दिलं.

आता चौथं ध्येय. फोटो टाकायचे, जमलं तर व्हिडिओ. घरमालकीणबाईंना विचारलं, तुमचं दार लोकांसमोर दुरुस्त करू का? त्या कुरकुरीला इतक्या विटल्या होत्या की लगेच हो म्हणाल्या. त्यांचे सासरेबुवा खुर्ची ओढून समोर बसले. कव्हर मोबाइल धरून उभा. मी हातोडीने वरच्या बिजागरीची दांडी ठोकली, लोण्यातून सुरी निघावी तशी ती वर आली. मी कॅमेऱ्याकडे बघून हसलो. (ते हसू व्हिडिओत आहे. ते बघू नकोस.) मधलीही निघाली. आणि मग दार माझ्याकडे झुकलं, मामा. कुणीतरी कानात काही सांगायला झुकावं तसं, सावकाश. एकटी उरलेली खालची बिजागरी शेवटची कुरकुरली आणि स्क्रूंसकट, चौकटीच्या लाकडाचा वीतभर तुकडा घेऊन बाहेर आली. मी बाजूला उडी मारली. दार बादलीवर पडलं, बादली फुटली आणि पाणी वाहत सासरेबुवांच्या चपलांपर्यंत गेलं. त्यांनी पाय वर घेतले आणि विचारलं, अजून काही आहे का?

घरमालकीणबाईंनी फुटलेल्या बादलीचे तुकडे गोळा केले. मग म्हणाल्या, "कुरकुर थांबली, हे मात्र खरं."

तेव्हापासून त्या न्हाणीघराला हॉटेलातून बाद झालेली एक चादर लावलेली आहे. चादरीवर टकटक करता येत नाही. त्यामुळे आत कुणी आहे हे कळावं म्हणून सासरेबुवा आत गेले की गातात. (त्यांना एकच गाणं येतं आणि त्याचंही एकच कडवं.) बाई तांब्या नव्या बादलीवर आपटतात. कव्हर मोबाइलची रिंग वाजवत ठेवतो, म्हणून बाहेरचा माणूस फोन घ्यायला धावतो. मी खोकतो. खोकून खोकून माझा घसा खरोखरच बसला आहे. सुताराला आणलं. त्याने चौकट बघितली, मग माझ्याकडे बघितलं, मग परत चौकट बघितली, हे कुणी केलं असं विचारलं आणि पुढच्या महिन्यात येतो म्हणून हसत गेला. बाईंनी शांतपणे सांगितलं आहे की महिनाअखेरीला एकतर दार जागेवर असेल, नाहीतर मी जागेवर नसेन. म्हणजे तुझी मुदत आणि बाईंची मुदत एकाच दिवशी संपते. हे तुम्ही एकमेकांना विचारून ठरवलं असतं तरी इतकं जुळलं नसतं.

कव्हरने तो व्हिडिओ मला न विचारता ब्लॉगवर टाकला. आता विचारू नकोस. आकडा माझ्या मुठीत मावत नाही. लोक मित्रांना पाठवतात, मित्र आणखी कुणाला पाठवतात. शनिवार सोडला तर आरशावरच्या पुठ्ठ्यावरची सगळी ध्येयं पुरी झाली: एक विषय झाला, उपयोग झाला, फोटो झाले. तुझे दहा परके मी कितीतरी वेळा भरून दिले. अट मी जिंकली आहे, मामा. आणि मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

कारण वाचतात काय, तर दार. बाकी काही कुणी उघडून बघत नाही. बसचा ड्रायव्हर नाही, कवळी नाही. काल एका बाईंनी लिहिलं, तुमच्या दाराच्या माहितीखाली बसच्या वगैरे गोष्टी येतात त्या काढून टाका, मध्ये मध्ये येतात. मी बिजागऱ्यांच्या बाजूला बसायचं नाही म्हणून घर सोडून एवढा लांब आलो, आणि शेवटी बिजागऱ्यांच्याच बाजूला बसलोय. तेही खण नसलेल्या, माल नसलेल्या आणि तू नसलेल्या दुकानात. समोर गिऱ्हाइकांची रांग आहे आणि मला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नाही. आतून अडकलेल्या माणसाने तर नंतर काहीच कळवलेलं नाही.

आणि सगळ्यात वाईट ते शेवटी सांगतो. एकटा येईनासा झाला. त्याचा तो जुनाट कॉम्प्युटर एवढ्या गर्दीतही मी ओळखला असता. गेले कित्येक दिवस सकाळी मी फक्त त्याच्यासाठी पान उघडून बसतो. त्याच्यासाठी मी बस डेपोतल्या घड्याळावर लिहिलं, जे कायम दहा मिनिटं पुढे असतं आणि त्यामुळे तिथला प्रत्येक माणूस उशीर झाल्यासारखा चालतो. चांगलं झालं होतं. कुणी आलं नाही.

तेव्हा मी हरलो असं समज. ब्लॉग बंद करतो, पिशवी भरतो आणि येतो. बिजागऱ्यांच्या बाजूचं स्टूल पुसून ठेव. मामीला नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा भाचा

ता. क. येण्याआधी एवढंच सांग. चौकटीचं लाकूड फाटून निघालं असेल तर त्याच भोकात स्क्रू धरतो का? तू भोकात काड्यापेटीच्या काड्या आणि गोंद भरायचास असं आठवतं, की ते दुसऱ्या कशासाठी होतं? आणि बिजागरी कुठल्या मापाची लागेल? (दार जुनं, जाड, ओलं आणि माझ्यावर रागावलेलं आहे.) मला इथे राहायचंय म्हणून विचारत नाही. कुणाचं घर बिनदाराचं टाकून जाऊ नये, एवढंच. पण दार बसलं तर बाई राहू देतील, हेही आपलं सांगून ठेवतो.

ता. क. २. पत्र लिहून झालं आणि मामीचा फोन आला. म्हणाली, तुझ्या मामाचं काहीतरी बिनसलंय. वर्षभर रोज शटर अर्धं वर करून, चहा गार होईपर्यंत कॉम्प्युटरसमोर बसायचे, कशाला ते सांगायचे नाहीत. आता हात लावत नाहीत. खण आपटतात. कुणीतरी आमच्या घराण्यात हा धंदा तीन पिढ्यांचा आहे, तुम्ही शिकवू नका, असं लिहिलं म्हणे. मामीने मला विचारलं, रे, कुणाचं घराणं ते? मी म्हटलं, आवाज तुटतोय, मग करतो, आणि फोन ठेवला. मामा, त्या कमेंटमधल्या शेवटच्या शब्दावरूनच मला कळायला हवं होतं. त्या सुरात तो शब्द जगात एकच माणूस म्हणतो. माझं उत्तर मी काढून टाकलंय आणि वर मोठ्या अक्षरात 'वरची शेवटी' असं दुरुस्त केलंय. आणि तुझ्याच अटीप्रमाणे नातेवाईक धरायचे नसतात, म्हणजे वर्षभर माझ्याकडे एकही वाचक नव्हता. इतकं सुखाचं शून्य मी पाहिलेलं नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी सवयीने पान उघडलं. आज सकाळी कुणीतरी एका बैठकीत सगळ्यांना उत्तरं दिली आहेत. कपाटवाल्या बाईंना, फरशीवाल्या गृहस्थांना, आणि आतून अडकलेल्याला तर अगदी प्रेमाने. माझ्या व्हिडिओखाली लिहिलंय: "चौकट ओली दिसते. वाळू दे. मग लाकडाचा तुकडा चिकटवून स्क्रू. गाढवा." आणि त्या बसच्या गोष्टी काढा म्हणणाऱ्या बाईंना लिहिलंय: "बसचं राहू द्या. ते वाचायला लोक येतात."

लोक म्हणजे कोण, ते मी विचारणार नाही. पिशवी अजून भरलेली नाही. तरी पत्र टाकतोच, कारण हे सगळ्यांसाठी नाही. बिजागऱ्यांच्या बाजूला सकाळी तू बसत जा, गिऱ्हाईक तुझंच आहे, मी खाली घड्याळाचं आणि कवळीचं बघतो. फक्त लाकडाचा तुकडा कुठला वापरायचा ते लिहिलं नाहीस. लवकर लिही, सासरेबुवांनी दुसरं कडवं शिकायला घेतलं आहे.